रेघांची पेटी

धुळे,
६ जानेवारी २०२५

युसूफ,

जयभीम. खालची सही पाहण्याआधी अक्षरावरून ओळखलंस तर बरं वाटेल. आपल्या दुकानाची पाटी मीच रंगवली होती.

पत्र लिहायचं कारण, फोनवर आता माझ्याकडून काही होत नाही. नोव्हेंबरात स्वरयंत्र काढून टाकलं. तंबाखू नडली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास जातो-येतो, शब्द नाही. घरात पाटी-पेन्सिल ठेवली आहे. सविता म्हणते मोबाइलवर लिहा, पण ती बारीक अक्षरं शोधता शोधता काय म्हणायचं होतं तेच मी विसरतो. सविता माझी मुलगी, शाळेत शिकवते. तू तिला पाहिलेलं नाहीस.

एक काम आहे. चोपड्याच्या केळीवाल्या शेटची दुबईहून आलेली ती गेमची पेटी आठवत असेल. रेघांचा टीव्ही म्हणायचो आपण. झुलाल गेल्यावर शेट ती न्यायला आलाच नाही. दुकान मोडलं तेव्हा मी ती मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि छत्तीस वर्षं तिला हात लावला नाही. डिसेंबरात सविताने माळा साफ करायला काढला. तिने नेटवर शोधलं आणि म्हणाली, बाबा, असली वस्तू आता फार थोड्यांकडे आहे, हौशी लोक मागे लागतील. विकायची नाही, असं मी पाटीवर दोनदा लिहिलं.

मला ती एकदा चालू झालेली पाहायची आहे. मी स्वतः उघडणार नाही, ते तू समजशील. माझा लहान भाऊ जिच्यापाशी गेला ती पेटी तिऱ्हाइताच्या हाती देववत नाही. उद्या एसटीच्या पार्सलने पाठवतो. वीस फेब्रुवारीला नाशिकला माझं दुसरं ऑपरेशन आहे. त्याच्या आत होईल का, कळव.

जैनबवहिनींना नमस्कार.

झिपरू


जळगाव,
१३ जानेवारी

झिपरूभाऊ,

सलाम. अक्षर पाकिटावरच ओळखलं. तुझ्या 'ळ'ची शेपटी अजून वर जाते. जैनबने विचारलं कोणाचं पत्र, मी म्हटलं माझ्या उस्तादचं, आणि मग बराच वेळ चहा गोड का लागत नाही ते कळेना. तिने साखरच घातली नव्हती. डॉक्टरने बंद केली आहे, मी विसरलो होतो.

गळ्याचं वाचून फार वाईट वाटलं. तुझा आवाज माझ्या कानात तसाच आहे. सोल्डर जास्त लावला की आतून ओरडायचास, "युसूफ, भिंत सारवतोस का काय?"

पार्सल गुरुवारी मिळालं. खिडकीवरचा माणूस विचारतो, काय आहे यात. म्हटलं टीव्ही. तर म्हणतो, एवढासा? आणि असा उभा? म्हटलं, बाबा, ज्यांनी बनवला त्यांना विचार.

माझं इथे ठीक चाललं आहे. टीव्ही संपत आले तसा मी मोटारींच्या स्टार्टरकडे वळलो, मग ठिबकच्या पंपांचे पॅनल करू लागलो. आता हाताखाली चार माणसं आहेत, सगळं माझा मुलगा हसीब बघतो. मी फक्त कानाचं काम करतो. शेतकरी मोटार घेऊन येतो, मी पाठ करून उभा राहतो, ते चालू करतात आणि मी सांगतो, बेअरिंग गेलं. लोकांना जादू वाटते.

पेटी उघडली. हसीबला समजावलं, की साधा टीव्ही म्हणजे घर सारवणं. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत ओळीने सगळा पडदा सारवून काढायचा, मग तिथे चित्र असो वा नसो. ही पेटी रांगोळी काढते. जिथे रेघ हवी तिथेच किरण जातो, बाकी ठिकाणी काळोख. आणि रेघा वाढल्या की हिच्या पोटातली घूं वाढते. तिच्याकडे पाठ करून मी पडद्यावर काय चाललंय ते सांगायचो, तुला आठवत असेल.

कंडेन्सर सगळे सुकलेत. स्पीकरचा कागद उंदराने खाल्ला आहे. ही एकशे दहा व्होल्टवर चालणारी बाई, तिचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जळाला आहे, तो मी स्वतः भरून देतो. महिन्याच्या आत होईल, काळजी करू नकोस.

आणि मागच्या गोष्टी मनात आणू नकोस. प्रकृतीला बरं नाही ते. जे झालं ते वरच्याच्या मर्जीने झालं.

तुझा
युसूफ


धुळे,
१९ जानेवारी

युसूफ,

तू लिहितोस मागच्या गोष्टी मनात आणू नकोस. दुसरं काही येतच नाही मनात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. कुठे चुकलो तर सांग.

मार्च एकोणनव्वद. सकाळी मी पेटी उघडली. पिक्चर ट्यूबमध्ये वीज साठून राहते, बंद केल्यावरही तासन् तास. म्हणून आपल्या दुकानाचा नियम होता. ज्याने पेटी उघडली त्यानेच वायर बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवायचा, चट् असा आवाज येऊन वीज उतरली की ट्यूबच्या मानेला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की दुसऱ्याने न विचारता हात घालावा. नियम मीच केला होता. चिंधी बांधल्यावर मी योकचा प्लग ओढून काढला, कारण चित्र एका बाजूला कलत होतं आणि किरण वळवतो तो योकच. मग पाहिलं तर सोल्डर संपलेला. आणायला चार नंबर गल्लीत गेलो. तू दुकानात होतास. झुलाल घरून डबा घेऊन आला आणि काम पुढे न्यावं म्हणून माझ्या जागी बसला. चिंधी पाहिली आणि टोपी काढायला हात घातला. त्या झटक्याने माणूस मरत नाही, मागे फेकला जातो. मागे पायरीची फरशी होती. दोन दिवस सिव्हिलमध्ये होता. वीस वर्षांचा.

पोलिसांना तू सांगितलंस, झिपरूभाऊने वीज उतरवली होती, मी चट् ऐकला. तुझे कान साऱ्या गल्लीला माहीत होते. त्यांनी अकस्मात मृत्यू लिहिलं आणि मी सुटलो.

मायने ते ऐकलं नाही. पुण्यानुमोदनाला माणसं जमली होती, सगळ्यांच्या समोर तिने एवढंच विचारलं, "चिंधी तूच बांधी व्हती ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती थोरल्या लेकीकडे, मंजुळाअक्काकडे पारोळ्याला गेली ती परत आली नाही. तिथेच वारली. अक्काने मला मातीला बोलावलं, घरात घेतलं नाही. अजूनही माझं नाव काढत नाही. मी हत्यारं ठेवून दिली. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो.

मला चिंधीची गाठ आठवते. चट् आठवत नाही. दिवसाला दहा पेट्या उघडणाऱ्याला एक चट् कसा आठवेल? इतकी वर्षं मी हेच धरून आहे की सवयीने गाठ मारली, वीज उतरवायची राहिली, आणि तू माझ्यासाठी खोटं बोललास. तुझे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो. पण आता एकदा सांग. खोटं बोललास ना?

झिपरू


जळगाव,
२७ जानेवारी

झिपरूभाऊ,

सलाम. तुझं पत्र चारदा वाचलं. जैनब म्हणाली, पाठ करताय का?

आधी उत्तर. नाही. मी खोटं बोललो नाही. मी पुढे काउंटरवर एक रेडिओ उघडून बसलो होतो, तू आत होतास, आणि चट् झाला. कोरडा, सुकी काटकी मोडावी तसा. या कानांनी ऐकला. वीज तू उतरवली होतीस. कुराणावर हात ठेवून सांगतो. तू इतकी वर्षं उलटंच धरून बसला आहेस हे मला माहीत नव्हतं.

पेटी चालू झाली. परवा दुपारी स्विच टाकला. पडदा पाटीसारखा काळा आणि त्यावर रेघ उमटली. आजच्या टीव्हीवरची रेघ जवळून पाहिली तर तुकड्यांची असते. ही अखंड, चरख्यातून निघालेल्या सुतासारखी. दगड फुटतात, मधे ते तीनकोनी यान फिरतं. हसीब दोन तास हलला नाही, गिऱ्हाइकं बाहेर ताटकळली. घूं तीच आहे. मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

एक सुचवतो. ट्यूब आता थकली आहे. माझ्याकडे जुन्या काळ्या-पांढऱ्या पोर्टेबलची त्याच मापाची ट्यूब आहे, कोरी, खोक्यातली. ती बसवून देतो. पडदा आरशासारखा होईल. जुनी इथेच भंगारवाल्याला देऊन टाकू. तुझं उत्तर यायला वेळ लागेल, म्हणून हो धरूनच चालतो.

प्रकृतीला जप.

युसूफ


धुळे,
१ फेब्रुवारी

युसूफ,

ट्यूब बदलू नकोस. बदलली असशील तर भंगारवाल्याकडून परत आण.

पाठवण्याआधी मी पेटी उन्हात धरून पाहिली होती. पडद्याच्या मधोमध तांदळाएवढा तपकिरी ठिपका आहे. तू दोन पत्रं लिहिलीस. उंदराने खाल्लेला कागद लिहिलास, ठिपका लिहिला नाहीस. पाठमोरा उभा राहून मोटारीचं बेअरिंग ओळखणाऱ्याला तो दिसला नाही, हे मला पटत नाही.

शेटकडून पेटी आली त्या सकाळी काच मी स्वतः पुसली होती. ठिपका नव्हता. तो कसा पडतो हे मीच तुला शिकवलं आहे. योकचा प्लग काढलेला असताना कोणी स्विच टाकला तर किरण कुठे वळत नाही, एकाच जागी उभा राहतो आणि काचेमागचा लेप जाळतो. प्लग मी काढला होता. म्हणजे त्यानंतर कोणीतरी पेटी चालू केली. चालू केली म्हणजे ट्यूब पुन्हा भरली. चिंधी मात्र तिथेच होती.

डिसेंबरात हे लक्षात आलं तेव्हा वाटलं, मीच केलं असेल आणि विसरलो असेन. माणूस काय काय विसरतो. म्हणून तुला आधी ते दुसरं विचारलं. तू म्हणाला असतास की हो, खोटं बोललो, तर माझी सगळीच आठवण खोटी असं धरून मी गप्प बसलो असतो. तू शपथेवर नाही म्हणालास. मग वीज मी उतरवली होती, चिंधी नियमाने बांधली होती, आणि प्लग काढून तसाच निघालो. सायकलची किल्ली तूच माझ्याकडे फेकलीस, तेही आठवतं.

मागे दुकानात तू होतास आणि नंतर झुलाल आला. स्विच कोणी टाकला? त्याने टाकला असेल तर तसं लिही. धीर नव्हताच त्याला, मी ते सोसेन. फक्त वीस तारखेच्या आत लिही. माझा भाऊ माझ्या हाताने गेला का नाही, एवढं मला कळून घ्यायचं आहे.

झिपरू


धुळे,
११ फेब्रुवारी

आदरणीय युसूफकाका,

सप्रेम जयभीम. मी सविता, झिपरू बैसाणे यांची मुलगी. आपली भेट नाही, पण तुमचं नाव घरात लहानपणापासून ऐकलं आहे. आई, कोकिळा, होती तेव्हा तिच्या तव्यावरची पहिली भाकरी युसूफची, असं बाबा म्हणायचे.

बाबांच्या गळ्यातून परवा रक्त आलं. ऑपरेशन आता सतरा तारखेलाच आहे. ते रोज पोस्टमनच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसतात. एका जुन्या गेमसाठी इतका जीव का टाकतात ते मला कळत नाही, पाटीवर विचारलं तर पाटी पालथी ठेवतात. तुमच्या दुकानात दोनदा फोन केला. हसीबभाऊ म्हणाले, अब्बा गावाला गेलेत. दुसऱ्या वेळी त्यांच्या मागे कोणीतरी हळूच 'नाही म्हण' असं म्हणालं. काका, मला ऐकू येतं.

मी रागाने लिहीत नाही. पेटी झाली नसेल तर नाही म्हणा, किंवा झाली असं खोटंच लिहा. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सतराच्या आत पाठवा.

तुमची
सविता


जळगाव,
१२ फेब्रुवारी

झिपरूभाऊ,

हे पत्र आणि पेटी हसीब घेऊन येतो आहे. ट्यूब जुनीच आहे, बदलली नाही. सविताने दोनदा फोन केला तेव्हा मी दुकानातच होतो.

स्विच मी टाकला.

तू सायकलवर टांग मारलीस आणि मी आत गेलो. सकाळी आपली पैज लागली होती. मी म्हणत होतो, दोष योकमध्ये नाही, पुढच्या आयसीत आहे, घूं ऐकून सांगतो. तू हसलास, म्हणालास, मोठा कानवाला. ते मला लागलं होतं. वाटलं, तू यायच्या आत ऐकून ठेवतो आणि आल्या आल्या सांगतो. प्लग काढलेला आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. स्विच टाकला, कान लावला, आणि पाहतो तर मधोमध एक ठिपका, डोळ्यांत खुपेल असा. घाबरून बंद केला. अर्धा मिनिट झाला असेल, जास्त नाही. शेटची काच जळाली, आता तू काय म्हणशील, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात पुढे रेडिओवाला गिऱ्हाईक आला आणि मी पुढे गेलो. पुन्हा वीज उतरवली नाही. चिंधी मी बांधलेली नव्हती, म्हणून सोडायचीही सुचली नाही.

मग झुलाल आला. मला सगळं ऐकू येत होतं, झिपरूभाऊ. डबा फळीवर ठेवला ते ऐकलं. स्टूल ओढलं ते ऐकलं. तो शीळ घालत होता. 'झुलाल, थांब' हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो गिऱ्हाईक बोलत होता, त्याच्या रेडिओवर इंदूर लागतं आणि जळगाव लागत नाही असं काहीतरी. मी म्हटलं, ह्याचं वाक्य संपू दे. वाक्य संपायच्या आत स्टूल पडलं.

पोलिस आले तेव्हा ते चिंधी हातात घेऊन विचारत होते, ही कोणी बांधली, वीज कोणी उतरवली. पेटी नंतर कोणी चालू केली का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं त्याचं उत्तर मी दिलं आणि ते खरं होतं. स्वतःला मी हेच सांगत आलो. मी बावीस वर्षांचा होतो, घरी चार बहिणी होत्या, माझं नाव युसूफ होतं आणि मेलेला तुझा भाऊ होता. भ्यालो. पुढे भीती गेली आणि सवय राहिली. तू हत्यार ठेवलंस, तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. जळगावात पहिली पाच वर्षं धुळ्याच्या झिपरू मिस्तरीचा चेला एवढ्याच नावावर मी पोट भरलं.

तुझी माय, पार्वताबाई, तुला काय म्हणाल्या ते मी ऐकलं होतं. मीही तिथे बसलो होतो, दाराशी. त्या दिवशी बोलायला हवं होतं. नंतर प्रत्येक वर्षी वाटायचं, आता बोलून काय होणार.

तू विचारलंस की खोटं बोललास का, तेव्हा हो म्हणणं सोपं होतं. तू आभारच मानत होतास. हो म्हटलं असतं तर तू तेच घेऊन नाशिकला गेला असतास. तेवढं मला जमलं नाही. त्यापुढचं, म्हणजे ट्यूब बदलून भंगारात द्यायचं, ते मात्र मी करणार होतो.

तुझ्या हाताने काही झालं नाही. तुझा हात चुकला नव्हता.

माफी मागत नाही. मागायची कशी ते कळत नाही.

युसूफ


धुळे,
१५ फेब्रुवारी

युसूफ,

पत्र वाचलं. पेटी लावून पाहिली. काम चोख आहे, आवाज स्वच्छ आहे. रेघ मधोमध आली की तिथे तुटते, तेवढंच.

मंजुळाअक्का पारोळ्यातच आहे, किल्ल्याच्या मागच्या गल्लीत. तिला अक्षर येत नाही, पत्र लिहून उपयोग नाही. सविताने सांगितलं तर तिला वाटेल मी पढवून पाठवली. मला आवाज नाही. तू जा आणि तुझ्या तोंडाने सांग.

उद्या नाशिकला निघतो.

झिपरू


जळगाव,
४ मार्च

झिपरूभाऊ,

सविताने फोनवर सांगितलं की ऑपरेशन पार पडलं आणि शुक्रवारी तू घरी आलास. मला पारोळ्याला निघायला पंधरा दिवस लागले. रोज काही ना काही काम निघत होतं. मीच काढत होतो. काल गेलो.

अक्का ओट्यावर सुपात तूर निवडत होती. मी समोर उभा राहिलो, नाव सांगितलं, तिने मान हलवली आणि तूर निवडत राहिली. मी सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्याच, वाटेत गाडीत जसं जमवलं होतं तसं. संपल्यावर ती म्हणाली, बस, पाणी पी, कोणाकडचा तू?

तेव्हा शेजारच्या मंदाबाई पुढे आल्या. म्हणाल्या, भाऊ, तिला चार वर्षांपासून ऐकू येत नाही, मोठ्याने बोला. मग मी मोठ्याने सांगितलं. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला फक्त झुलाल एवढंच कळलं आणि तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता पुरे, मंदाबाई सांगतील. पण तू लिहिलं होतंस, तुझ्या तोंडाने. म्हणून तिसऱ्यांदा तिच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं. स्विच मी टाकला. मला ऐकू येत होतं. मी थांबवलं नाही. तोवर गल्ली जमली होती. पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली, एक रिक्षा थांबली. मी एवढ्या मोठ्याने आयुष्यात काही बोललो नव्हतो आणि ते हेच निघालं.

तरी तिची खात्री होईना. शेवटी मंदाबाईंनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "अक्का, झिपरूनी चूक नही व्हती. बटन यानी दाबं व्हतं."

अक्काने तोंड माझ्याकडे फिरवलं. मग मला म्हणाली, "माय मरनी, तवय तू कोठे व्हता?"

मी म्हटलं, जळगावात. तिला ते ऐकू गेलं नाही आणि मी पुन्हा सांगितलं नाही.

ती आत गेली, लुगडं बदलून आली, हातात पिशवी. कुलूप लावून किल्ली मंदाबाईंना दिली. मी गाडीचं दार उघडलं, म्हटलं चला, मी धुळ्याला सोडतो. ती गाडीला वळसा घालून स्टँडकडे चालू लागली. मी मागे मागे गेलो. धुळ्याची बस तास-सव्वा तासाने आली. तेवढा वेळ ती बाकावर बसली आणि मी खांबापाशी उभा राहिलो. एकदाही तिने इकडे पाहिलं नाही. बस हलल्यावर मी सविताला फोन केला की स्टँडवर कोणीतरी थांबा, तिला घर सापडणार नाही.

तू सांगितलंस ते केलं. आता तू काहीतरी लिही. शिव्या लिही. गप्प राहू नकोस.

युसूफ


धुळे,
२६ मार्च

युसूफ,

अक्का आली. तेवीस दिवस झाले, इथेच आहे. पहिल्या दिवशी दारात उभी राहून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गळ्यातल्या भोकापाशी थांबली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सविता शाळेत गेली की आम्ही दोघं ओट्यावर बसतो. अक्का खूप बोलते. मायचे शेवटचे दिवस कसे गेले, माय माझ्याबद्दल काय काय म्हणायची, शेवटी शेवटी माझं नाव घ्यायची का नाही. इतक्या मोठ्याने बोलते की गल्लीला ऐकू जातं. मधेच मला काहीतरी विचारते आणि उत्तराची वाट पाहते. मी पाटीवर लिहितो. तिला वाचता येत नाही. ती पाटीकडे बघते, माझ्याकडे बघते. मग मी पुसून टाकतो. संध्याकाळी सविता आली की तिच्या कानात ओरडून थोडंफार सांगते, पण पोरीला सगळं कसं सांगायला लावणार? काही गोष्टी बहीण-भावाच्या असतात.

डॉक्टरने मला दिवाळीपर्यंतचं सांगितलं आहे.

शिव्या लिही म्हणतोस. शिव्या आठवत नाहीत. एक हिशेब डोक्यातून जात नाही, तेवढा लिहितो. माय त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. अक्काला चार वर्षांपूर्वीपर्यंत ऐकू येत होतं. मला मागच्या दिवाळीपर्यंत बोलता येत होतं.

आता पत्र पाठवू नकोस.

झिपरू